नवरीच्या मागचं शेत

बाळारामदादा शूटिंग करताना एका पायावर उभे राहायचे. उजवा तळवा डाव्या पोटरीला लावून, डोळा कॅमेऱ्याला चिकटवून, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत. दहा झाल्याशिवाय कॅमेरा जागचा हलायचा नाही, समोरून मंत्री चालत गेला तरी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कर्जतला, तहसील कचेरीबाहेर, एका मोर्चाच्या वेळी. मोर्चा निघून गेला, घोषणा वळणापलीकडे विरल्या, आणि हे गृहस्थ अजून रिकाम्या रस्त्याकडे कॅमेरा लावून उभे. मी नवीन होते, अंगात भलता उत्साह होता.

"दादा, मोर्चा गेला," मी म्हटलं.

"हाय माहीत. गेल्यावर रस्ता कसा दिसतो ते घेतोय."

या माणसाशी आपलं जमायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे चौदा वर्षं जमलं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि अजून टीव्हीवर बातम्या लागल्या की मी निवेदिकेकडे न बघता तिच्या मागे काय दिसतंय ते बघत बसते. ही खोड त्यांची.

मी मूळची खोपोलीची. मुंबईच्या एका मराठी वृत्तवाहिनीसाठी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. बातमी मी लिहायची आणि चित्रं बाळारामदादांनी काढायची. पण बातम्या हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा लग्नांचा. कशेळ्याच्या बाजारात त्यांचं एका खोलीचं दुकान होतं, त्याला ते स्टुडिओ म्हणायचे. अर्ध्या स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आणि उरलेल्या अर्ध्यात जमिनीपासून छतापर्यंत लग्नाच्या कॅसेट. प्रत्येकीवर नवरा-नवरीची नावं, गाव आणि तारीख, ठसठशीत अक्षरात. पंचक्रोशीत कोणाचं लगीन कधी झालं यावरून नवरा-बायकोत वाद झाला की दोघं मिळून बाळारामदादांकडे यायची.

अंगात बारा खिशांचं जाकीट. त्यात बॅटऱ्या, लिंबाच्या गोळ्या, सुई-दोरा, आणि कॅमेऱ्यावर धरायची घडीची छत्री. ती छत्री त्यांनी स्वतःच्या डोक्यावर कधी धरली नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही. "तू सुकशील गं," म्हणायचे. पहिलं वर्षभर मी 'मॅडम' होते. एकदा आदिवासी वाडीच्या चढावर माझी चप्पल तुटली, त्यांनी खिशातली सुई काढून ती शिवून दिली, आणि त्या दिवसापासून मी 'पोरी' झाले.

आता मुद्द्याचं सांगते, कारण मुद्दा माझ्यापासूनच सुरू होतो. एका डिसेंबरात मी कडव्या वालावर बातमी करायची ठरवली. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच खाचरात वाल पेरतात. त्याला वरून पाणी द्यावं लागत नाही. जमिनीच्या पोटातली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर तो येतो. वरची माती मात्र वाळते आणि तिला भेगा पडतात. त्या दरवर्षी पडतात, आमच्या पणज्याच्या वेळेलाही पडत होत्या, आणि त्यांच्याकडे बघून इकडे कोणाला वाईट वाटत नाही. भेग पडली की वाल वर येणार, एवढाच तिचा अर्थ.

शेत काशिनाथनानांचं होतं. नाना म्हणजे बाळारामदादांचे शाळेपासूनचे सोबती. एकाच बाकावर बसून दोघं एकाच वर्षी नापास झालेले. गावाच्या वेशीवर, रस्त्याला लागून त्यांचं सपाट खाचर, आणि त्या खाचराचा नानांना फार अभिमान. बाळारामदादा तिथे पोटावर आडवे झाले आणि त्यांनी एक सुंदर चित्र घेतलं. मातीची लांब भेग, तिच्या उजव्या टोकाला दोन पानांचं हिरवंगार वालाचं रोप, आणि डाव्या कडेला अनवाणी उभ्या नानांचा पाय. नानांच्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत. मी म्हटलं, दादा, पाय येतोय. ते म्हणाले, "येऊ दे की. शेत कोनाचं ते कळायला नको?"

बातमी सकाळी सहाला लागली. कोणी बघितली नाही. नानांनी बघितली आणि समाधान पावले.

मग उन्हाळा आला. मुंबईच्या डेस्कवरून मला यादी आली. हवामान बदलावर विशेष कार्यक्रम होता, त्याला चित्रं हवी होती: भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी, कोरडा नळ, झाडाआडून लाल सूर्य. बर्फावरचं अस्वल त्यांच्याकडे तयार होतं, तेवढं सोडून बाकी मी पाठवायचं होतं. मी काही पाठवण्याआधीच त्यांना त्यांच्या साठ्यात हवं ते सापडलं. कार्यक्रम सुरू झाला. गंभीर संगीत, आणि पडद्यावर नानांची भेग. उजवीकडचं वालाचं रोप कापून टाकलेलं. डावीकडचा पाय तेवढा ठेवलेला. मी फोन केला तेव्हा डेस्कवरचे साहेब म्हणाले, "शेतकऱ्याचा पाय आला की चित्रात जीव येतो."

त्यानंतर ते तीन सेकंदांचं चित्र थांबलंच नाही. मराठवाड्यात पाऊस लांबला, की नानांचा पाय. दिल्लीत परिषद भरली, की नानांचा पाय. एकदा तर आफ्रिकेतल्या दुष्काळाच्या बातमीत सहा बोटं दिसली आणि कशेळ्याच्या बाजारात लोक हसून हसून बेजार झाले. "नाना, पासपोर्ट कदी काढला रं?" असं विचारायचे. पहिल्यांदा नानाही हसले.

हसू पुरलं ते एक जमिनीचा दलाल येईपर्यंत. आमच्याकडे हल्ली शेतापेक्षा दलाल जास्त पिकतात. ह्याने नानांच्या ओटीवर बसून मोबाइलवर ते चित्र दाखवलं आणि म्हणाला, जमीन मेली आहे हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झालंय, आता मिळेल त्या भावात देऊन टाका. पाठोपाठ वाल घ्यायला येणारी शनिवार-रविवारची मुंबईची गिऱ्हाइकं विचारायला लागली, "टीव्हीवरचं ते शेत तुमचंच ना? मग हे वाल विकत आणलेले असतील." नाना तडक कशेळ्याला आले. मी स्टुडिओतच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाला," ते म्हणाले, "दलालाला मी हाकलला. पन माजी चांगली जमीन तुज्या कॅमेऱ्यानं मारली. मानूस मेला तर तेरावं असतं. हिचं रोज चाललंय."

बाळारामदादा उठून उभे राहिले. "मी ते काढायला लावतो," ते म्हणाले. "शब्द देतो."

"काढशील तवा ये च्याला," नाना म्हणाले आणि गेले. वीस-पंचवीस वर्षं ते दोघं रोज सकाळी नाक्यावर एकत्र चहा पीत होते. दुसऱ्या दिवसापासून नाना टपरीच्या आत बसायला लागले आणि बाळारामदादा बाहेर उभ्याने प्यायला लागले. ते बघून मला माझीच लाज वाटायची, कारण त्या शेतात त्यांना घेऊन गेले होते मी.

बाळारामदादांनी डेस्कला फोन लावला. मी शेजारीच होते. साहेब चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "दादा, काढतो ना. पण त्याच्या जागी काहीतरी द्या. तीन सेकंदांत माणसाला कळलं पाहिजे की हवामान बदललंय. भेगेला कळतं. दुसरं काही आहे तुमच्याकडे?"

ते तीन सेकंद बाळारामदादांच्या डोक्यात बसले. आधी त्यांनी राब भिजलेला दाखवला. राब म्हणजे पेरणीआधी भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात ते. अवकाळी पावसाने तो भिजला की भाजणी वाया. चित्र उत्तम होतं. मुंबईहून उत्तर आलं, हा ओला कचरा कशाचा? मग त्यांनी काळा पडलेला आंब्याचा मोहोर पाठवला. साहेब म्हणाले, सुंदर आहे हो, पण फार सुंदर आहे. बाळारामदादांनी लिंबाची गोळी तोंडात टाकली.

मग एका दुपारी त्यांचा मला फोन आला. "पोरी, दुकानात ये. आताच्या आता ये."

मी पोचले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि आत जुना टीव्ही चालू होता. कोणीतरी लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुनी कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून मागितली होती. पडद्यावर एक नवरी मान खाली घालून उभी, कोपऱ्यात तारीख. मी कौतुकाने म्हटलं, किती लहान दिसते.

"नवरीकडं बघू नको. मागं बघ."

मागे मांडव होता. मांडवाच्या पलीकडे बांध, आणि बांधावरचं शेवग्याचं झाड मी ओळखलं. ते नानांचं खाचर होतं. आणि मग लक्षात आलं की असणारच. त्या गावात मे महिन्यातली बहुतेक लग्नं त्याच खाचरात लागतात. रस्त्याला लागून, सपाट, वाल काढून मोकळं झालेलं, पाहुण्यांच्या गाड्या लावायला सोयीचं. नाना कोणाला नाही म्हणत नाहीत. म्हणजे बाळारामदादांनी एकाच शेताचं, एकाच महिन्यातलं, वर्षानुवर्षांचं चित्रण करून ठेवलं होतं, तारखेसकट, आणि त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

त्यांनी एकामागून एक कॅसेट लावल्या. जुन्या लग्नांत वर कापडाचा मांडव, कापडातून गाळून आलेलं ऊन, बायका पदराने वारा घेतायत, पोरांच्या पायांनी धूळ उडतेय. नंतरच्या एका लग्नात अचानक पाऊस, मंगलाष्टकं म्हणणारे भटजी पुस्तक पोटाशी धरून पळतायत. मी म्हटलं, हेच द्या! भटजी पळताना दाखवले की तीन सेकंदांत कळेल.

त्यांनी मान हलवली आणि एक आणखी जुनी कॅसेट लावली. तिच्यातही मेमध्ये पाऊस होता. त्या पावसात वऱ्हाडी भिजत, हसत उभे होते, एक म्हातारी तर हात पसरून पाऊस झेलत होती.

"ही कशाला दाखवायची?" मी विचारलं. "आपलंच म्हणणं खोटं पडतं."

"हाय तर हाय. लपवू कशाला? पाऊस आदी पन पडायचा कदीमदी." त्यांनी टीव्हीवर बोट टेकवलं. "पन पाऊस बघू नको. वर बघ. छप्पर बघ."

त्या जुन्या लग्नात पाऊस पडला तरी वर कापडच होतं. पुढच्या वर्षीही कापड. म्हणजे पाऊस आला आणि लोकांनी तो विसरून टाकला. मग भटजी पळाले त्या वर्षानंतरच्या लग्नात कापडाच्या वर अर्ध्या भागात निळी ताडपत्री. त्यानंतर पूर्ण ताडपत्री. त्यानंतर पत्रे. आणि अगदी अलीकडच्या लग्नात पत्र्यांना पन्हळ लावलेली, खाली चर खणलेला, आणि त्या दिवशी बाहेर कडक ऊन पडलेलं.

"लोक आता मेमदी लगीन काढतात ते पावसाची तयारी ठेवून," बाळारामदादा म्हणाले. "आमच्याकडं जमीन नाय फाटली गं. आमच्याकडं मांडवाचं छप्पर बदललं."

मी तोवर हवामानावर कितीतरी बातम्या लिहिल्या होत्या. त्यातल्या एकीतही इतकं सरळ वाक्य मला लिहिता आलं नव्हतं, आणि हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. ते लाजले आणि झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ पुसायला लागले.

साहेबांना कल्पना आवडली. मी म्हटलं, उद्याच पाठवते. बाळारामदादा म्हणाले, उद्या नाही, आधी विचारायचं. "लग्न त्यांचं हाय. मी फक्त बटन दाबलं." मग आम्ही त्यांच्या स्कूटरवर घरोघर फिरलो. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी अल्बम. एक जण म्हणाला, माझे वडील मांडवात दोन सेकंद उभे राहिलेत, आता ते नाहीत, तेवढे कापू नका. ते कापले नाहीत. एका घरी बाईंनी शांतपणे सांगितलं की ते लग्न टिकलं नाही, तेव्हा ते राहू द्या. बाळारामदादांनी हात जोडले, चहा संपवला, आणि घरी आल्यावर यादीतून ते नाव खोडलं. नेमकं त्याच लग्नात निळी ताडपत्री सगळ्यात छान दिसत होती. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "मग नसेल मुंबईवाल्यांच्या नशिबी ती बगायची. चल."

शेवटी राहिलं ते शेताच्या मालकाला विचारणं. नाना त्या वेळी खाचरात काठीने राब सारखा करत होते. बाळारामदादा बांधावर थांबले. खाली उतरले नाहीत.

"काश्या, तुजं शेत दाखवायचं हाय."

"पुन्हा? हौस फिटली नाय तुजी?"

"भेग नाय दाखवत. मांडव दाखवतो. सगळ्यांची लग्नं."

नाना बराच वेळ राब सारत राहिले. मग काठी टेकवून म्हणाले, "दाखव. पन शेवटाला वाल दाखव. माज्या जमिनीत काय येतं ते बगू दे लोकांना."

मे महिन्यात वाल कुठून आणायचा? मी घाबरले. बाळारामदादा मात्र हसले, कारण मूळ चित्र त्यांच्याकडे होतं, न कापलेलं.

बातमी संध्याकाळी सातला लागली. सव्वा मिनिटाची. कापड, ताडपत्री, पत्रे, आणि मधे हात पसरलेली म्हातारीही. शेवटी ती भेग आली, सहा बोटांसकट, आणि चित्र सावकाश उजवीकडे सरकत सरकत वालाच्या दोन पानांवर जाऊन थांबलं. मी शब्द फक्त एवढे लिहिले होते: या जमिनीला दरवर्षी भेगा पडतात, आणि दरवर्षी तिच्यात वाल येतो. साहेबांनी कापलेली क्लिप साठ्यातून काढली आणि तसं मला कळवलं. सकाळी नाक्यावर नाना टपरीच्या बाहेर येऊन उभे राहिले. बाळारामदादांनी सरकून जागा केली. दोघांनी चहा घेतला, बशीत ओतला, प्यायला. मी कडेला उभी होते आणि मला विनाकारण रडू आलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, मे महिन्यातच. मी नोकरी सोडली होती, पुण्याला जायचं होतं, म्हणून निरोप घ्यायला कशेळ्याला गेले. स्टुडिओत दोघंही होते. नानांनी वालाची पिशवी माझ्यासाठी आणून ठेवली होती. टीव्ही चालू होता आणि आमच्याच वाहिनीवर हवामान बदलाचं काहीतरी लागलं. पडद्यावर भेगाळलेली जमीन आली. दोन्ही म्हातारे एकदम पुढे वाकले.

पाय नव्हता. भेगा वेगळ्या होत्या. माती लालसर होती, आणि कडेला एका बाईचा हिरव्या बांगड्यांचा हात दिसत होता. नानांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मांडीवर थाप मारली. "माजं नाय!"

बाळारामदादा हसले नाहीत. ते उठून टीव्हीला जवळजवळ नाक लावून उभे राहिले. चित्र गेलं तरी तिथेच.

"उजवीकडून कापलंय," ते म्हणाले.

नानांचं हसू ओसरलं. "कोनाचं रं ते शेत?" त्यांनी विचारलं.

बाळारामदादा माझ्याकडे वळले. "पोरी, लाव फोन. विचार, कोनाचं हाय, कदीचं हाय, आनि तिच्या हाताच्या पुढं काय होतं."

"दादा, मी आता तिथे नाही. सोडली ना नोकरी."

"नोकरी सोडलीस. बोलायचं नाय ना सोडलंस?"

मी फोन लावला. डेस्कवर कोणी नवीन मुलगी होती, आवाजावरून कामाच्या गडबडीत. तिने शोधलं आणि म्हणाली, मॅडम, जुनं फुटेज आहे, कोणाचं शेत ते काही लिहिलेलं नाही, आम्हाला माहीत नाही. मी फोनवर हात ठेवून ते दोघांना सांगितलं.

"मग तिला म्हनावं," बाळारामदादा म्हणाले, "माहीत नाय तर दाखवू नको."

इतकी वर्षं त्यांचं बोलणं मुंबईला पोचवताना मी ते गोड करून, इस्त्री करून पाठवत आले होते. त्या दिवशी मी फोनवरचा हात काढला आणि त्यांचेच शब्द, त्यांच्याच आवाजात, जसेच्या तसे तिला सांगितले.